सोमवारचा डॉक्टर

सकाळच्या पाळीला बसले, कानाला हेडफोन लावला आणि पहिला फोन यायच्या आत रोजच्या खोडीनं स्क्रीनवर हिवराटाकळी गावाची यादी उघडून पाहिली. दवाखान्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. काल संध्याकाळपर्यंत नव्हती. हिरवी खूण म्हणजे आमच्या कंपनीत खातरजमा झालेला पत्ता, डोळे मिटून सांगावा असा. मी खरंच डोळे मिटले. उघडले तरी ती होतीच. चार महिन्यांत तीनदा मी लेखी कळवलं होतं की हा पत्ता काढा, आणि तीनदा 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं होतं. घेतली होती तर. अशी घेतली होती. मानेच्या मागे, हेडफोनची पट्टी बसते तिथे, एकदम चटका बसल्यासारखं झालं, आणि रात्रपाळीच्या मुलीच्या तेलाचा वास त्या स्पंजातून नाकात भरला. तेवढ्यात फोन वाजला. मूर्तिजापूरच्या अलीकडून कुणीतरी पंक्चरचं दुकान विचारत होता. मी सांगितलं, सव्वादोन किलोमीटर, डाव्या हाताला, आपला प्रवास सुखाचा होवो. आवाज नेहमीसारखाच गोड निघाला. त्या आवाजाचा मला इतका राग आला की वाटलं, आपणच आपल्या गळ्याला नख लावावं.

आमचं काम समजायला सोपं आहे. रस्त्यात असलेल्या कुणीही पाच आकडी नंबर लावायचा. त्याचा मोबाइल कुठल्या टॉवरच्या आवाक्यात आहे ते यंत्राला कळतं आणि त्या टॉवरभोवतीचं सगळं आमच्या स्क्रीनवर उमटतं. पेट्रोलपंप, गॅरेज, दवाखाना, जेवणाचं हॉटेल. आम्ही बारा मुली अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका दुसऱ्या मजल्यावर बसून ते वाचून दाखवतो. जो त्या गावचा आहे तो आम्हाला कशाला विचारेल? विचारतो तो परका, आणि आपल्याला सांगितलं ते खरं की खोटं हे परक्याला कळायला मार्ग नसतो. याच एका गोष्टीवर आमचा धंदा उभा आहे. त्या वर्षांत वऱ्हाडात दोन प्रकारचे परके फिरत होते. एक पांढऱ्या गाड्यांतले, मुंबई-दिल्लीहून आलेले, ज्या घरात कुणी फवारणीचं औषध प्यायलं त्या घराला भेट द्यायला निघालेले. ते गावाचा रस्ता विचारायचे आणि तासाभरानं त्याच आवाजात जवळचं एसी हॉटेल विचारायचे. तिथलं टॉयलेट स्वच्छ आहे का, असंही एका बाईनं मला विचारलं होतं. दुसरे म्हणजे आपल्या वावरात काही उरलं नाही म्हणून लोकांच्या वावरात कापूस वेचायला टेम्पोत बसून जिल्हा ओलांडणारे. हे क्वचित फोन करायचे. करायचे तेव्हा ओरडून बोलायचे, कारण त्यांच्या हिशेबानं आम्ही लांब होतो. दोघांनाही मी 'सर' म्हणायची. तसं लिहूनच दिलं होतं.

हा नकाशा ज्यांनी पायी फिरून भरला त्यांतला एक कुलदीप. आता तो खालच्या मजल्यावर बसतो, मोर्शीकडच्या संत्र्यावाल्यांच्या घरचा आहे, स्वभावानं चांगला आहे, आणि त्याच्यावर चिडायचं मी ठरवलं तरी जमत नाही. एकदा चहाच्या टपरीवर त्यानंच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की वरून रोजच्या चाळीस जागा भरायचा हुकूम होता. बाजार नसलेल्या आडदिवशी खेड्यात जावं तर गाव वावरात गेलेलं, अर्धी दुकानं बंद, विचारायला ओट्यावर एखादा म्हातारा. मग या पोरांनी शक्कल काढली. बाजाराच्या दिवशी जायचं. एका चौकात उभं राहिलं की दुपारपर्यंत चाळीस भरतात. त्यानं मोटारसायकलच्या टाकीवर कागद चिकटवला होता, कोणत्या वारी कोणतं गाव. मी तेव्हा हसले होते, कारण बाजारोबाजार बांगड्या विकणाऱ्या माझ्या अब्बांच्या पेटीवर नव्हता तरी त्यांच्या डोक्यात तोच कागद होता. नंतर रात्री अंथरुणावर माझ्या लक्षात आलं की आमच्या कंपनीच्या वऱ्हाडात रोज, सगळीकडे, बाजारच भरलेला आहे. दात काढणारा बसला आहे, चष्मेवाला बसला आहे, डॉक्टर बसला आहे. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी तिथे कुत्रं फिरत असेल, पण आमच्या स्क्रीनवर डॉक्टर बसलेलाच आहे. तेव्हा मला याची गंमत वाटली. इतकी अक्कल असून मला फक्त गंमत वाटली.

अब्बा, मुनव्वर मणियार, चाळीस वर्षं बाजार फिरले. अकोल्याहून पहाटे निघायचे, बांगड्यांच्या पेट्या एसटीच्या टपावर. आठवड्याची गावं त्यांना तोंडपाठ होती, आणि गावाचं नाव घेतलं की त्यांच्या तोंडून आधी वार निघायचा. पातूरकडची हिवराटाकळी म्हणजे सोमवार. शाळेला सुट्टी असली की मी जायची. आमची ताडपत्री ज्या ओट्यासमोर लागायची त्या ओट्यावरच्या खोलीत डॉक्टर यायचा. फटफटीवरून अकोल्याहून येणारा, तोंडात सुपारी, हात हलका. आल्याबरोबर तो खिळ्यावर पाटी अडकवायचा. ती त्याच्या अकोल्याच्या जुन्या दवाखान्यातली होती आणि तिच्यावर 'चोवीस तास सेवा' लिहिलेलं होतं. पाटी टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून आणलेली. ती तिथे कुणी वाचत नसे. गावाला वाचायची गरजच नव्हती, डॉक्टर सोमवारचा आहे हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक. तो इमानानं बसायचा, पाच वाजता कुलूप लावून निघायचा, आणि पाटी खिळ्यावर तशीच राहायची. कुलदीपनं तिचा फोटो काढला. वार सोमवार. पुढे वीस बायका रांगेत. कुणाला खोटं वाटेल? कुलदीपचं खोटं नव्हतं, पाटीचंही नव्हतं, आणि म्हणूनच रागाला बसायला जागा सापडत नाही, तो घरभर फिरतो. नोकरी लागली तेव्हा अब्बांना सांगितलं की मी लोकांना रस्ता सांगते. गुडघे चोळत ते म्हणाले, "पहले वार पूछती क्या, बेटा?" मी म्हटलं, अब्बा, कंप्यूटरमध्ये वार नसतो. त्यांना ते पटलं नाही. मला मात्र त्यांचंच मागासलेपण दिसलं.

आणि तो बुधवार. कापसाचे दिवस होते, दुपारचे चार वाजले असतील. मागे टेम्पोचं इंजिन, बायकांचा गलका, आणि एक माणूस ओरडत होता, "बाई, मैनाले पान लागलं. जवळ दवाखाना सांगा." खेड्यात साप असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला ते कळलं नसतं. मला कळलं. मी चटकन स्क्रीन पाहिला, आणि पहिल्याच ओळीत हिवराटाकळी, सहा किलोमीटर, चोवीस तास. दुसऱ्या ओळीत अकोल्याचा मोठा सरकारी दवाखाना, एकतीस किलोमीटर. मी पहिली ओळ वाचली. त्यानं गाडी वळवायला सांगितलेलं मला ऐकू आलं. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "चालू असन ना बाई, आता?"

इथे मी रोज येऊन थांबते. आंघोळ करताना, भाकरी थापताना, कानाला हेडफोन लावताना. त्यानं विचारलं होतं. मला माहीत होतं. आज बुधवार आहे, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहिलेलं होतं. ती खोली, तो खिळा, बंद दाराला टेकून बसलेली आडदिवसाची शेळी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि त्याच वेळी दुसरंही उभं राहिलं. पहिल्या महिन्यात एका ट्रकवाल्याला मी आपल्या मनानं जुना रस्ता सांगितला होता, तेव्हा सगळ्यांसमोर माझा कॉल वाजवून दाखवला होता, माझ्या नावापुढे लाल शेरा पडला होता, आणि 'स्क्रीनवर असेल तेच बोलायचं' हे वाक्य मला दहादा लिहायला लावलं होतं. बी.ए. झालेल्या मुलीला. त्याच आठवड्यात माझी कच्ची नोकरी पक्की व्हायची होती. पण हे सगळं मी त्या क्षणी तोललं असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. तोललं वगैरे काही नाही. तोंडाला वळण पडलं होतं. मी म्हणाले, "चोवीस तास सुरू आहे, सर." आणि मग, जणू एवढ्यानं फेड होईल, मी फोन ठेवला नाही. पाय हलवू देऊ नका, बोलत राहा, घाबरू नका म्हणा, आता डावीकडे फाटा येईल. अगदी मायेनं सांगत राहिले. हे स्क्रीनवर नव्हतं. हे मी आपल्या मनानं सांगितलं. रेंज जाईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारची मुलगी म्हणाली, एक म्हातारा फोन करतोय, बुधवारवाली पोरगी द्या म्हणतो, त्याची बायको अकोल्याच्या वाटेवर गेली म्हणे. कॉल जोडायची सोय नसते, तिनं ठेवून दिला. त्यानं पुन्हा केला. दहा दिवस करत राहिला, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेला. प्रत्येक फोन उचलताना मी तोच असेल असं धरून चालायची. शिव्या घालायलाच शोधत असणार, दुसरं काय? घालाव्यात. मी मनातल्या मनात त्याच्या तोंडून मला शिव्या घालून पाहिल्या, चांगल्या वऱ्हाडी, आईबापासकट. त्यांनी थोडी झोप लागायची. मग फोन बंद झाले, आणि मी पहिली तक्रार लिहिली. 'सदर दवाखाना फक्त सोमवारी सुरू असतो.' मला कसं माहीत, हे लिहायची जागा कागदावर होती. मी लिहिलं, ऐकीव.

आज हिरवी खूण पाहिल्यावर उठले आणि प्राजक्ता मॅडमच्या टेबलाशी गेले. त्या आमच्या पाळीच्या प्रमुख, माझ्याहून चार वर्षांनीच मोठ्या. त्या वाईट नाहीत, हे मला दर वाक्याला स्वतःला सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे समजावलं. तक्रार आली की कंपनी त्या जागेसाठी फोन केलेल्या ग्राहकालाच विचारते. विचारलं. नंबर नत्थुजी नावाच्या माणसाचा, राहणार वलगाव. सांगितल्या ठिकाणी दवाखाना सापडला का? सापडला, तो म्हणाला. वाटेत अडचण? नाही. आमच्या प्रतिनिधीचं बोलणं कसं वाटलं? फार चांगलं. शिवाय त्यानं नंतर आमचा नंबर अनेकदा वापरला आहे, म्हणजे समाधानी ग्राहक. म्हणून खूण. मी म्हटलं, मॅडम, त्याची बायको मेली. त्यांचा चेहरा खरंच उतरला. मग त्या म्हणाल्या, "पण इफ्फत, पत्ता तर बरोबर आहे ना? खोली तिथेच आहे ना?"

खोली तिथेच आहे. बरोबर असलेल्या पत्त्याचा राग फार घाण असतो, तो हातापायांत उतरतो. मी त्यांच्या टेबलाची कड घट्ट धरली आणि त्यांना वाटलं मी रडणार, म्हणून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी विचारलं, आता ही नोंद निघेल कशी? त्यांनी कपाटातून एक कागद दिला. त्याच ग्राहकानं जबाब बदलून सही केली तर निघते, मग एका दिवसात निघते. पण हा कागद आपण नेत नाही, टपालानं जातो, त्या म्हणाल्या. मी तो घडी घालून पर्समध्ये टाकला. त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. एवढं त्यांनी केलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी खाली उतरले तेव्हा कुलदीप जिन्यात भेटला, कुठे निघाली म्हणाला. वलगावला, तुझा सोमवार पुसायला, असं मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

वलगावची ऑटो भरेपर्यंत निघत नाही. मार्चचं ऊन, मांडीला मांडी, पायांत कुणाच्या तरी ढेपेचं पोतं. रस्त्याकडेला कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, मोकळी काळी वावरं भेगाळलेली. मला राहून राहून दुसरंच दिसत होतं. उद्या एखादी गाडी पातूरच्या घाटाजवळ बंद पडेल, कुणाच्या छातीत कळ येईल, एखादी अडलेली बाई असेल, आम्हा बारांतली कुणीतरी गोड आवाजात पहिली ओळ वाचेल, आणि आता तर हिरवी खूण आहे, ती दुसरी ओळ पाहणारसुद्धा नाही. मला त्या मरणाऱ्या माणसाचा राग आला, अजून नंबरही न लावलेल्याचा. काहून विचारतोस आम्हाला? रस्त्यावरच्या गुराख्याला विचार ना. तो निदान म्हणेल, आज बुधवार आहे बाप्पा, डॉक्टर नाही. आणि नत्थुजीचा तर असा राग येत होता की मीच दचकले. सापडला म्हणे. बंद दार सापडलं, ते का नाही सांगितलंस? तुझी बायको, तुझं तोंड, आणि म्हणे बोलणं फार चांगलं.

घर शोधायला त्रास पडला नाही, पानठेल्यावर एकदाच विचारावं लागलं. दोन खोल्या, पुढे निंबाखाली बाज. नत्थुजी साठीकडे झुकलेले, बारीक, दाढीचे खुंट पांढरे. कंपनीतून आले म्हटल्यावर उठून त्यांनी बाजेवरची गोधडी झटकली आणि स्वतः जमिनीवर बसले. पाणी दिलं. माझं नाव ऐकून, चहा चालते ना आमच्या हातचा, असं विचारलं. मी नाव सांगितलं होतं, फोनवरची मीच हे सांगितलं नव्हतं. समोर ऐकू येणारा आवाज फोनवरचाच आहे हे त्यांना कळलं नाही. तो त्यांनी टेम्पोच्या घरघरीत ऐकला होता, चार महिन्यांपूर्वी. कागद पुढे केला. ते म्हणाले, मागे फोन आला तेव्हा सगळं सांगून झालं. पत्ता बरोबर निघाला, जसा सांगितला तसाच, फाट्यावरून डावीकडे. मी म्हटलं, पण काका, दवाखाना बंद होता. "होता ना," ते म्हणाले. "पण थो डॉक्टर सोमवारचा आहे. तथच्या लोकायनं सांगतलं. आमी बुधवारी गेलो. त्यात तुमच्या कंपनीचा का दोष? चूक आमची."

चेष्टा नव्हती. माणूस खरोखर म्हणत होता की चुकीच्या वारी साप चावला. मला ओरडावंसं वाटलं. मी इथे शिव्या खायला आले होते, शिव्यांच्या बदल्यात सही घ्यायला आले होते, आणि हा चहा ठेवतोय. मी जरा जोरातच बोलले. उद्या दुसऱ्याच्या बाईला असंच होईल, तुमच्या सहीनं ते थांबेल, तुम्ही फक्त लिहा की चुकीची माहिती दिली. त्यांनी मान हलवली. तसं लिहिलं तर त्या पोरीवर बालंट येईल, ते म्हणाले. कोणती पोरगी? फोनवरची. ते सांगत गेले. टेम्पोतल्या सगळ्या बाया रडत होत्या, ड्रायव्हर नवखा, आणि ती एकटी शांतपणे बोलत होती, पाय हलवू नका म्हणत होती, फोन त्यांनी मैनाबाईच्या कानाशी धरला होता. तेरवीला तिला बोलवायचं म्हणून कितीदा नंबर लावला, पण कुणी जोडूनच दिलं नाही. "नोकरी जाईन तिची," ते म्हणाले. "मी नाही करत सही. तिनं आपल्या लेकरावाणी केलं आमच्यासाठी."

चहानं जीभ भाजली. आता उठून जावं, असं मला वाटलं होतं, हे मी लपवत नाही. या माणसाकडे त्या बुधवारातलं एवढंच काय ते बरं उरलं होतं, आणि ते माझ्याविषयी होतं. ते तसंच राहू दिलं असतं तर त्यालाही बरं आणि मलाही. कागद घडी घालून परत न्यायचा, आणि पुढच्या बुधवारी पहिली ओळ वाचायची.

"काका, ते मीच होतो," मी म्हटलं. शहरी मराठी सुटून गेली, बाजारातली वऱ्हाडी निघाली. "फोनवर मीच होतो. मले माहीत होतं थो डॉक्टर सोमवारचा आहे. माया अब्बाचं दुकान लागे तथी."

त्यांनी कप खाली ठेवला.

"माहीत होतं?"

"हो."

"मी इचारलं होतं तुमाले. चालू असन का म्हणून."

"हो."

मी खाली पाहिलं नाही. का सांगितलं नाही, हे त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे स्क्रीन होता, लाल शेरा होता, पक्की नोकरी होती. त्यांनी विचारलं नाही. हात पुढे केला, मी पेन दिलं. चूक काय, या रकान्यात त्यांनी एक-एक अक्षर दाबून लिहिलं, 'दवाखाना बंद, बाईस माहीत होते', आणि खाली सही केली, नत्थुजी. कागद माझ्या हातात न देता बाजेवर माझ्याशेजारी ठेवला. मग उठून आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात नवं हिरवं लुगडं होतं, दुकानाच्या घडीतलं, वर चोळीचा खण.

"मैनानं गाडीत तोंडानं सांगतलेलं आहे, त्या पोरीले लुगडं देजा. चार महिने झाले, आणून ठेवलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तिचा शब्द मी मोडत नाही. घ्या. अन् पुन्हा या दारात येऊ नका."

मी उठले आणि दोन्ही हात पुढे केले.